मुलगी तिसरीत जाणार आहे. वर्षभरात घरच्यांनी काय अपेक्षा ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की दुसरीपर्यंत लेक हसतखेळत शाळेत जात होती. आता "तिसरीत अभ्यास एकदम अंगावर येतो" असं चार जणांनी सांगितल्यामुळे तुम्हाला धास्ती बसलीये, आणि आत्तापासूनच शिकवणी लावावी का, हा प्रश्न पडलाय. मी गेली चौदा वर्षं तिसरी-चौथीच्या वर्गांना शिकवते आणि माझ्या दोन्ही मुलांची तिसरी घरी पाहिली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अभ्यास वाढतो हे खरंच. पण त्याहून मोठा बदल वेगळाच असतो आणि तो दप्तराच्या वजनावरून कळत नाही. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकत असतं. तिसरीत ते वाचून शिकायला लागतं. हार्वर्डमधल्या वाचनाच्या अभ्यासक जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनाचे टप्पे मांडले, तेव्हा हे वळण तिसरी-चौथीच्या आसपासच दाखवलं होतं. वर्गात तर ते रोज दिसतं. कालपर्यंत धड्यात ओळखीची माणसं आणि प्राणी असायचे, पुढे काय होणार याचा अंदाज चित्रावरूनही यायचा. आता अचानक 'बाष्पीभवन', 'पृष्ठभाग', 'संरक्षण' असे शब्द येतात. वाक्यं लांब होतात. 'त्यामुळे', 'परंतु', 'याउलट' अशा शब्दांवर अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ फिरतो, आणि नेमके तेच शब्द मुलं भरभर गिळून पुढे जातात.

एक मुलगा मला कायम आठवतो. वाचन इतकं सफाईदार की पालकसभेत त्याच्या आईला मी स्वतः "वाचनाची काळजीच नको" असं सांगितलं होतं. एक दिवस झाडाच्या भागांवरचं पान त्यानं खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. मी विचारलं, "मग मुळं झाडासाठी काय करतात?" तो गप्प झाला, पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लागला. उत्तर चौथ्या ओळीत होतं. ती ओळ त्यानं दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा त्यावरून पुढे गेला. अक्षरं त्याला येत होती, पण ती आपल्याला काहीतरी सांगताहेत हे त्याला उमगलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी कुणाचंही वाचन नुसतं ऐकून पारखत नाही.

म्हणून घरी एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. तिला एखादं पान वाचू द्या, मनात वाचलं तरी चालेल. पुस्तक मिटा आणि म्हणा, "मी हे वाचलेलं नाही, मला सांग ना काय आहे त्यात." प्रश्नोत्तरं नकोत, परीक्षेचा सूरही नको. ती स्वतःच्या शब्दांत, अडखळत का होईना, सांगू शकली तर तिची गाडी रुळावर आहे. पुस्तकातलीच वाक्यं जशीच्या तशी म्हणू लागली किंवा "माहीत नाही" म्हणाली, तर तिथे थोडा वेळ द्यायला हवा.

आणि कृपा करून तिला वाचून दाखवणं थांबवू नका. "आता मोठी झालीस, तुझं तू वाच" असं म्हणायचा मोह याच वर्षी होतो. या वयात मुलाला ऐकून जे समजतं ते स्वतः वाचून समजण्याच्या बरंच पुढचं असतं. रोज पंधरा मिनिटं तुम्ही वाचलंत तर तिच्या पुस्तकात उद्या येणारे शब्द आज तिच्या कानावर पडलेले असतात. ओळखीचा शब्द वाचताना मूल अडत नाही, अनोळखी शब्दापाशी अडतं.

गणिताबद्दल सगळ्यांत जास्त प्रश्न येतात. "बेरीज-वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत," हे मी दरवर्षी ऐकते. त्यातला मोठा भाग पुन्हा वाचनाचाच असतो. हे उदाहरण पाहा: रवीकडे २४ चित्रं आहेत. त्याच्याकडे मीनापेक्षा ६ चित्रं जास्त आहेत. तर मीनाकडे किती? निम्मा वर्ग ३० लिहितो. 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, असा आडाखा मुलांनी दुसरीत बांधलेला असतो आणि दुसरीत तो चालूनही जातो. तिसरीत तो दगा देतो. अशा वेळी "नीट वाच" म्हणून उपयोग नसतो, कारण तिनं तिच्या परीनं नीटच वाचलेलं असतं. "रवीकडे जास्त की मीनाकडे?" एवढंच विचारा. नाहीतर दोन उभ्या पट्ट्या काढायला सांगा, एक रवीची, एक मीनाची. पट्टी काढली की १८ हे उत्तर बहुतेक मुलं स्वतःच शोधतात. या वयाचं मूल हाताला लागणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींच्या आधारानं विचार करतं. पियाजे या मानसशास्त्रज्ञानं सात ते अकरा वर्षांचा टप्पा असाच वर्णिलेला आहे. त्यामुळे बटणं, काड्या, बिया, चौकटीचा कागद यांना "लहान मुलांचं" समजून बाजूला सारू नका.

तिची चूक झाली की खोडरबराआधी ती चूक वाचायची सवय लावून घ्या. ४०३ मधून १८७ वजा करताना उत्तर ३८४ आलं, तर ते आळसाचं उत्तर नाही. तिनं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, कारण मधल्या शून्यातून हातचा कसा घ्यायचा हे तिला कळलेलं नाही. शतकाचं घर मोडून दशक करायचे आणि दशक मोडून एकक, या दोन पायऱ्या काड्यांच्या जुड्या सोडून एकदा दाखवल्या की २१६ पर्यंत ती पोचते. तसंच घड्याळाचं. पावणेदहा ते अकरा वाजून दहा मिनिटं, किती वेळ गेला? मुलं ११.१० मधून ९.४५ वजा करतात आणि १.६५ लिहितात. त्यांनी आकडेमोड बरोबर केलेली असते, पण तास १०० चा नसून ६० चा असतो हे ती विसरतात. आधी दहापर्यंत पंधरा मिनिटं, मग अकरापर्यंत एक तास, मग दहा मिनिटं, अशा उड्या मारत मोजायला लावा.

अपूर्णांकही अनेक ठिकाणी याच वर्षी भेटतात. एक अष्टमांश हे एक चतुर्थांशापेक्षा मोठं, असं तुमची लेक छातीठोकपणे सांगेल, कारण ८ हा ४ पेक्षा मोठा आहे. कागदाची घडी घालून दाखवा आणि पुढे जा.

मराठीत शिकणाऱ्या मुलांची एक वेगळी अडचण असते, ती समजून घ्या. आपण 'सत्तेचाळीस' म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर, लिहिताना मात्र चार आधी येतो. तीन-चार अंकी संख्या सुरू झाल्या की "तीनशे सत्तेचाळीस" ऐकून ३७४ लिहिणारी मुलं दर वर्षी असतात. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर ही तर हमखास चकवणारी नावं. बरेच पालक याला निष्काळजीपणा म्हणतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. ऐकून संख्या लिहायचा पाच मिनिटांचा खेळ महिनाभर ठेवा, गोंधळ बराच निवळतो.

आता पाढे. यावरून घराघरांत जितके अश्रू सांडतात तितके दुसऱ्या कशावरून सांडत नसतील. दोन ते नऊचे पाढे दहापर्यंत म्हणजे डोंगर वाटतो. पण सात आठे आणि आठ साते एकच, हे एकदा कळलं की तो निम्मा होतो. दोन, पाच आणि दहाचे पाढे मुलांना लय असल्यामुळे लवकर येतात. नवाच्या पाढ्यात दहा नव्वेपर्यंत प्रत्येक उत्तरातल्या अंकांची बेरीज नऊच येते. हे सगळं बाजूला काढलं तर ३, ४, ६, ७, ८ या अंकांचे आपसातले अवघे १५ गुणाकार उरतात. ते एका कागदावर लिहून भिंतीला लावा आणि आठवड्याला दोन-तीन पक्के करा. पाठांतराला माझा अजिबात विरोध नाही. पाढे तोंडावर असले की भागाकारात मुलाचं डोकं मोकळं राहतं. फक्त घड्याळ लावून पाठांतर घेऊ नका. माझ्या धाकट्याच्या पोटात दर मंगळवारी सकाळी दुखायचं. दोनदा डॉक्टर झाले. मग माझ्या लक्षात आलं की मंगळवारी त्याच्या वर्गात दोन मिनिटांत पाढे लिहायची चाचणी असायची. पोट खरोखर दुखत होतं, तो खोटं बोलत नव्हता. शिक्षकांशी बोलून त्याला वेळेचं बंधन काढून दिलं आणि दुखणं गेलं.

हे सांगितलं कारण तिसरीचा दुसरा मोठा बदल मनातला आहे. पहिलीतल्या मुलांना विचारलं, "वर्गात सगळ्यांत छान कोण वाचतं?" तर दहा जण "मी" म्हणून उड्या मारतात. तिसरीत हात वर येत नाहीत, नजरा एकाच मुलीकडे वळतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपण कितव्या पायरीवर आहोत हे कळायला लागतं. वही कोपराखाली झाकून लिहिणारी मुलं मला याच वर्षी दिसायला लागतात. "मला गणित येतच नाही," हे वाक्य पहिल्यांदा याच सुमारास घरात ऐकू येतं. ते आलं की "येतं गं तुला" म्हणून लगेच झटकू नका. "कुठलं उदाहरण?" विचारा आणि तेवढंच उघडून बघा. अख्खं गणित न येणं आणि एक उदाहरण अडणं यातलं अंतर तिला दिसू द्या. भावंडांशी किंवा शेजारच्या मुलाशी तुलना तर या वर्षी चुकूनही करू नका, ती स्वतःच दिवसभर तेच करत असते.

मैत्रिणींचंही असंच. 'सगळे माझे मित्र' संपून 'माझी बेस्ट फ्रेंड' सुरू होते, मग रुसवे, "तिच्याशी बोललीस तर मी बोलणार नाही," वगैरे. बहुतेक भांडणं दोन दिवसांत मिटतात. रोज एकाच मुलीला बाजूला टाकलं जात असेल, मग ती तुमची असो की दुसऱ्याची, तर मात्र शाळेत बोला.

लेखनात एका वाक्याचं उत्तर जाऊन परिच्छेद येतो. हात दुखतो, अक्षर मध्येच बिघडतं, ते होणारच. गृहपाठासाठी इयत्तेमागे दहा मिनिटं हा ढोबळ हिशोब मला पटतो, म्हणजे तिसरीला अर्धा तास. रोज दोन तास बसावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय आणि ते शिक्षकांना सांगायलाच हवं. दप्तर तिचं तिनं भरावं, दोन वेळा वही विसरली तरी. झोप ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागते, आणि वर्गात पेंगणारी मुलं कोणती हे मला न विचारताच कळतं. फळ्यावरचं उतरवताना शेजारणीच्या वहीत बघत असेल, डोळे बारीक करत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. लांबचं नीट न दिसणाऱ्या कितीतरी मुलांना "लक्ष नसतं" असा शेरा आधी मिळालेला असतो.

सहामाहीनंतरही साध्या शब्दांशी झटापट चालू असेल, ओळी सुटत असतील, तोंडी सगळं येतं पण लिहिताना काहीच उतरत नाही असं असेल, तर "होईल हळूहळू" म्हणत वर्ष घालवू नका. वाचनातली अक्षमता तज्ज्ञांकडून तपासून घेण्यात कमीपणा काही नाही, आणि आठव्या वर्षी मिळालेली मदत बाराव्या वर्षीच्या मदतीपेक्षा कितीतरी जास्त लागू पडते.

शिकवणीचं म्हणाल, तर आत्ताच नको. पहिले दोन महिने ते पुस्तक मिटून सांगण्याचं आठवड्यातून तीनदा करा आणि तिच्या वहीतल्या चुका तारखेनिशी एका कागदावर टिपून ठेवा. तो कागद घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. "कशी आहे माझी मुलगी?" असं विचारलंत तर "छान आहे" एवढंच उत्तर मिळेल. कागद पुढे ठेवून "इथे ती का अडते?" असं विचारा. अडचण तिथेच सुटत नसेल, तर शिकवणीचं तेव्हा बघू.