पहाटे साडेचारचा ठोका

"मॅडम, हिला गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो," खुर्चीत बसायच्या आधीच आईनं सांगून टाकलं. मुलगी मान खाली घालून पर्सची चेन उघडझाप करत होती. वय चोवीस. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, पाच दिवस तिथंच भाड्याच्या खोलीत, शनिवार-रविवार कुडचड्याला घरी. आजोबांना जाऊन पाच महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. लिहायला दोघींची परवानगी आहे.)

घरी असली की पहाटे साडेचारच्या सुमाराला तिला लोखंडावर लोखंड वाजल्याचा आवाज यायचा. दोन हलके ठोके, मग एक जोराचा. पाठोपाठ आबांचं खाकरणं. ती दचकून उठून बसायची, तर काहीच नाही. घरच्यांनी आधी घाड्याला, म्हणजे गावच्या भगताला विचारलं, नारळ ठेवला, गावच्या राखणदार देवचाराला गाऱ्हाणं घातलं. त्याबद्दल मी कुणालाही नावं ठेवत नाही. घाबरलेला माणूस आधी ओळखीच्याच दारात जातो. तरी आवाज थांबेना, तेव्हा शेजारणीनं त्यांना मडगावला माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं. आईचा प्रश्न एकच होता: "ही वेडी तर होत नाही ना?"

हा प्रश्न घेऊन खूप जण येतात. कुणाला गेलेल्या नवऱ्याच्या चपलांचा आवाज येतो, कुणाला आईच्या केसांतल्या तेलाचा वास. आणि जवळजवळ सगळे पहिल्यांदाच कुणापाशी तरी हे बोलत असतात. वेल्समधले एक डॉक्टर, ड्यूई रीस, यांनी आपल्या भागातल्या जवळपास तीनशे विधवा आणि विधुरांना हेच विचारलं होतं. तो अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याच्या आसपास लोकांना जोडीदार जवळ असल्यासारखं वाटलं होतं, दिसला होता किंवा त्याचा आवाज ऐकू आला होता. बहुतेकांनी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. लोक आपल्याला वेड्यात काढतील ही भीती तिथंही होतीच.

तरी मी लगेच "काही नाही हो, होतं असं" म्हणून मोकळी होत नाही. मी तिला विचारलं: आवाज दिवसाही येतो का? तो तुला काही करायला सांगतो का? कुणी आपल्या वाईटावर आहे असं वाटतं का? जेवण, झोप, नोकरी कशी चाललीय? जगू नये असं कधी मनात आलं? सगळ्याची उत्तरं तिनं नीट दिली. आवाज फक्त पहाटेचा, झोप आणि जाग यांच्या मधला. आबा नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. कामावर एकही खाडा नव्हता. मग मी विचारलं, "आवाज आला की कसं वाटतं?" आईकडे बघत ती हळूच म्हणाली, "बरं वाटतं."

आईला हे अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी तिला एकटीला बोलावलं आणि आवाजाचा विषयच काढला नाही. म्हटलं, आबांबद्दल सांग. तासभर ती बोलत राहिली.

आबा रेल्वेत चावीवाले होते, कीमन. कुळ्याच्या वर घाटात त्यांची बीट, म्हणजे नेमून दिलेला रुळांचा पट्टा. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या चाव्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होतात. त्या रोज चालत जाऊन तपासायच्या, सैल झालेली हातोड्यानं परत ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. हा घाट साधा नाही. दर सदतीस फुटांना एक फूट चढ, आणि वर कॅसलरॉकला गाडी चढवायला कुळ्याला मागून ढकलणारी जादा इंजिनं लावावी लागतात. पावसात दरड केव्हा येईल याचा नेम नसतो. अशा रात्री कंदील, शिट्टी, लाल बावटा आणि रुळावर लावायचे फटाके घेऊन ते गस्तीला जात. पुढं रूळ खचलेला दिसला तर ते फटाके रुळावर बांधायचे, म्हणजे चाकाखाली फुटून ड्रायव्हर सावध होतो. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली तीही त्यांच्याच नोकरीत. "आबा म्हणायचे, घट्ट चावी खणखणीत बोलते, सैल चावी भद्द बोलते. न बघता कळतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात मला पहिल्यांदा जीव आलेला दिसला.

निवृत्त होताना त्यांनी खात्याचा हातोडा जमा केला आणि कुडचड्याच्या बाजारातून तसाच एक विकत आणला. घरातली बिजागरी, कडी, सायकलचा नट, काहीही ते आधी ठोकून ऐकायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, तिच्या वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक दारात उभा राहिला आणि घर आबांच्या पेन्शनवर चालू लागलं. तिची फी, वह्या, कॉलेजचा बसपास, सगळं त्यातूनच. तेव्हा ती बारा वर्षांची होती. अभ्यासाला उठवायचं काम आबांनी आपल्याकडे घेतलं. पहाटे साडेचारला अंगणातून येऊन तिच्या खिडकीच्या गजावर हातोड्याचे दोन हलके ठोके आणि एक जोराचा. मग खाकरून, "ऊठ गे बाय." दहावीला, बारावीला, कॉलेजला, रोज.

इतकं सांगून ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचं तिलाच कळलं होतं. ज्या घरात, ज्या खोलीत, ज्या वेळेला इतकी वर्षं तो ठोका पडत आला, तिथं तिचं मन त्या वेळेला अजूनही वाट बघत होतं. अर्धवट जागेपणी असे भास एरवीही होतात, कुणी गेलेलं नसतानाही. वेर्ण्याच्या खोलीत तो आवाज कधी का येत नव्हता, याचंही उत्तर तिला मिळालं.

मला वाटलं, झालं. पण काहीतरी राहत होतं. मुलीला बरं वाटत होतं, मग घरात एवढी भीती कुणाला होती?

तिसऱ्या खेपेला दोघींना एकत्र बसवलं. मुलीनं गजाची गोष्ट आईला सांगितली. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू वेर्ण्याला गेलीस तरी ते वाजवायचे. तुझ्या रिकाम्या खोलीच्या गजावर. रोज. एक दिवस मी वैतागून म्हटलं, कुणाला उठवताय, ती आहे का इथं? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाजवणं बंद केलं." पदराचं टोक तिनं तोंडाशी धरलं. "दोन महिन्यांत गेले. तुला आवाज येतो म्हणालीस तेव्हा मला वाटलं, ते माझ्यावर रागावून आलेत."

या सुनेनं सासऱ्यांची तब्बल वीसहून जास्त वर्षं सेवा केली होती. बाराव्याला आलेला प्रत्येक जण "म्हाताऱ्याचं सोनं झालं" म्हणून गेला. सुनेला दुःख असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. वय झालेलं माणूस गेलं की घरच्यांचं दुःखही झटपट आवरतं घ्यायचं, ही आपली रीत मला मनापासून खटकते. सून असो, नात असो, शेजारी असो, ज्याच्या दिवसात ते माणूस रोज होतं त्याचं दुःख रोजचंच असणार. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा, समाजानं मान्य न केलेल्या दुःखावर पुस्तक काढलं. माझ्यासमोर मात्र ते दुःख पदराच्या टोकात होतं.

मी आईला एवढंच विचारलं, "ठोके बंद केल्यावर ते तुमच्याशी कसे वागले?" तिनं आठवून सांगितलं की त्याच दिवशी त्यांनी तिच्या स्वयंपाकघराच्या दाराची करकरणारी बिजागरी ठोकून नीट करून दिली होती. सांगताना ती रडली, आणि मुलीनं पाच महिन्यांत पहिल्यांदा आईला मिठी मारली.

तुमच्या घरी असं काही होत असेल तर कशाकडे लक्ष ठेवायचं तेही सांगते. आवाज हुकूम सोडत असेल, दिवसभर पाठ सोडत नसेल, माणूस खाणंपिणं किंवा झोप सोडत असेल, गेलेल्याच्या मागं जावंसं वाटतं म्हणत असेल, तर घाडी नको आणि नुसती मीही पुरेशी नाही. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर केव्हाही फोन करा. सहा महिने उलटूनही दुःख तसूभर हललं नाही आणि रोजची कामं थांबली, तरी मदत घ्यावी. त्यावर उपचार आहेत.

म्हाळ झाल्यावर मुलगी एकदा एकटी आली. आवाज आता महिन्यात एखाददुसऱ्या वेळी येतो, म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "मॅडम, तो थांबलाच तर?"

मी तिला म्हटलं, ते कसे वाजवायचे, मला दाखव. तिनं माझ्या टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली, हातात जरा तोलली, आणि खिडकीच्या गजावर वाजवली. दोन हलके, एक जोराचा. मग मान तिरकी करून ऐकत राहिली.

"सैल आहे मॅडम हा," ती म्हणाली. "खालचा स्क्रू बघून घ्या."