कपात झाली, मग हप्ता थकला कसा?

प्रश्न : कोरोनाच्या काळात आमचे पगार रखडले. मिळाले तेव्हा पगारचिठ्ठीत पतसंस्थेचा हप्ता कापलेला होता, पण संस्थेत तो चार महिन्यांनी पोचला. संस्थेने माझ्याच खात्यावर दंडव्याज टाकले आणि माझ्या जामीनदाराचे कर्जही अडवून ठेवले. चूक माझी का?
– एका महामंडळातील चालक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ४९ बघा. कर्ज घेताना तुम्ही कपातीचा करार लिहून दिलेला असतो. त्यानुसार कापलेली रक्कम मालकाने, म्हणजे तुमच्या कार्यालयाने, संस्थेला भरली नाही, तर उशिराचे व्याज मालकाने द्यायचे, तेही संस्था सभासदाला लावते त्याच्या दीडपट दराने. सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या दाखल्यावर ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. कार्यालयाशी वाकडे नको म्हणून संस्था हे कलम वापरत नाहीत आणि बोजा सभासदावर टाकतात. हा सरळ अन्याय आहे.

त्या काळातल्या पगारचिठ्ठ्या आणि कर्जखात्याचा उतारा समोर घ्या. कागदावर तीन रकाने आखा : कपातीचा महिना, कार्यालयाने भरणा केल्याची तारीख, खात्यावर जमा झाल्याची तारीख. मधली तारीख लेखा शाखेत मिळेल. पहिल्या दोन रकान्यांत अंतर असेल तर दोष कार्यालयाचा, शेवटच्या दोनांत असेल तर संस्थेचा. हा तक्ता जोडून दंडव्याज उलटवण्याचा अर्ज संस्थेला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. दाद लागली नाही तर जिल्हा उपनिबंधकांकडे जा. जामीनदाराने वेगळा अर्ज करावा; तुमच्या अर्जात त्याचे नाव घालून भागत नाही.

ज्या महिन्यात पगारच झाला नाही आणि कपातही नाही, त्याचे नेहमीचे व्याज (दंडाशिवाय) मात्र द्यावे लागेल. रिझर्व्ह बँकेची २०२० मधली हप्ते थांबवण्याची सवलत बँका आणि वित्त कंपन्यांसाठी होती, पतसंस्थांसाठी नव्हती.

प्रश्न : मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा हप्ते बँकेने थांबवले. आता घरकर्जाची मुदत दीड वर्षाहून जास्त वाढलेली दिसते. व्याज तर सरकारने माफ केले होते ना?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : माफ झाले ते फक्त व्याजावरचे व्याज. समजा १० लाख बाकी, दर ८ टक्के, १८० हप्ते शिल्लक, हप्ता ९,५५७ रुपये. सहा महिन्यांत व्याज चढले ४०,६७३ रुपये. सरळ व्याज ४०,००० होते. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारकडून जमा झाले ते वरचे ६७३. बाकीचे मुद्दलात मिसळले. हप्ता तोच ठेवला, तर १८० ऐवजी सुमारे १९५ हप्ते भरावे लागतात, म्हणजे जवळपास १ लाख ४० हजार जादा. थांबलेले सहा महिने धरले, तर कर्ज २१ महिने उशिरा फिटते. बँकेने फसवले असे नाही, पण हा हिशेब सही घेताना तुम्हाला दाखवायला हवा होता.

आता हाताशी रक्कम येईल तेव्हा मुद्दलात भरा. भरताना 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असे लेखी द्या. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा आकार लागत नाही.

प्रश्न : कोरोनाच्या काळात गोठवलेला महागाई भत्ता फरकासह मिळेल का?
– एक केंद्रीय कर्मचारी

उत्तर : जुलै २०२१ पासून भत्ता १७ वरून थेट २८ टक्के झाला, पण मधल्या १८ महिन्यांचा फरक देणार नाही, हे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे. मूळ वेतन ३०,००० असेल तर, भत्ता टप्प्याटप्प्याने वाढला असता हे धरून, हा फरक ३९,६०० रुपये होतो. त्याच्या आशेवर कर्ज काढू नका.