नवा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बसवूनही गाडी बंद पडते. पैसे परत मिळतील का?

प्रश्न: मी सांगलीत शिक्षक आहे. माझी डिझेल गाडी सात वर्षांची आहे, वॉरंटी संपली आहे. चालता चालता ती बंद पडायची. अधिकृत सर्व्हिस सेंटरने 'ईसीएम गेलाय' असं सांगून तो बदलला. ९ मार्चला ७४,३०० रुपये भरले, त्यात ईसीएमचे ६१,५००. अकराव्या दिवशी गाडी मिरज रोडवर पुन्हा बंद पडली. तिथल्या एका वायरमनने बॅटरीच्या ट्रेखालची घासलेली वायर दाखवली आणि टेप मारली, तशी गाडी चालू झाली. मी ती परत सेंटरमध्ये नेली. आता ते वायरिंगचं १८,६०० रुपयांचं एस्टिमेट देतात. मी त्यावर सही केलेली नाही. जुना ईसीएम 'स्क्रॅपला गेला' म्हणतात आणि रोजचं २५० रुपये पार्किंग लावून गाडी अडवून ठेवली आहे. काय करू?

उत्तर: तुमची बाजू चांगली आहे, पण ती योग्य जागी उभी करायला हवी. 'गाडी दुरुस्त झाली नाही' एवढ्यावर तक्रार केलीत तर समोरचा वकील एका वाक्यात उत्तर देईल: वायरही खराब होती आणि ईसीएमही खराब होता, आम्ही एक काढलं, दुसरं आता सापडलं. ते खोटं आहे हे सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून तक्रारीचा गाभा असा ठेवा: ईसीएम बदलण्याआधी ज्या चाचण्या करायला हव्या होत्या, त्या केल्याच नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये 'सेवेतील त्रुटी'ची व्याख्या आहे, आणि तिथेच तुमचं प्रकरण बसतं.

तुम्ही पाठवलेल्या स्कॅनरच्या प्रिंटवर बिघाडाचे दोन कोड आहेत, पी ०६४१ आणि पी ०३३५. पहिला सेन्सरना जाणाऱ्या पाच व्होल्टच्या लाइनचा, दुसरा क्रँक सेन्सरच्या (इंजिन फिरतंय का हे सांगणाऱ्या) सर्किटचा. ईसीएमच्या आतला प्रोसेसर बिघडला की सहसा पी ०६०६ येतो. तो तुमच्या प्रिंटवर नाही. पाच व्होल्टची ही वायर कुठे बॉडीला लागली की त्या लाइनवरचे सेन्सर एकदम मुके होतात आणि ईसीएम मेल्यासारखा वाटतो. हे वेगळं करून पाहायला अर्धा तास पुरतो: मल्टीमीटर लावायचा, सेन्सरचे कनेक्टर एकेक करून काढायचे आणि पाच व्होल्ट परत येतात का ते बघायचं. एखादा कनेक्टर काढल्यावर आले तर दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. सगळे काढूनही आले नाहीत, तर ईसीएमच्या बाजूने ती वायर सोडवून पिनवर मोजायचं. तिथेही नसतील तरच ईसीएमवर संशय. त्याच्याही आधी बॅटरीचे व्होल्ट, अर्थिंग आणि ईसीएमला सप्लाय देणारा फ्यूज-रिले बघायचा असतो. पी ०६४१ ईसीएमच्या आतल्या दोषानेही येऊ शकतो, त्यामुळे निव्वळ कोडवर विसंबू नका. तुमचा मुद्दा एवढाच: कोडने दोन शक्यता दाखवल्या होत्या, आणि स्वस्तातली शक्यता न तपासता ६१,५०० चा भाग बदलला.

यासाठी पहिल्या दुरुस्तीचं जॉब कार्ड, तंत्रज्ञाच्या नोंदी आणि चाचणीचे आकडे लेखी मागा. आकडे असतील तर ते द्यावे लागतील. नसतील तर त्यांचं गप्प राहणंच तुमचा पुरावा आहे.

जुना ईसीएम हा या प्रकरणाचा कणा आहे. पैसे देऊन केलेल्या दुरुस्तीत काढलेला भाग गाडीमालकाचा असतो, बदल्यात सूट घेतली असेल तर गोष्ट वेगळी. बिलावर 'जुन्या भागाची वजावट' अशी ओळ आहे का बघा. जॉब कार्डवर 'जुने भाग परत हवेत का' असा रकाना बहुधा असतो. तिथे खूण कशावर आहे आणि ती तुमच्या सहीआधीची आहे का, हेही तपासा. स्क्रॅपला गेला म्हणतात तर कोणत्या तारखेला, कोणाला, कोणत्या पावतीने, हे विचारा. वादाचा मुख्य पुरावा हातात असून समोरच्याने नाहीसा केला, तर ग्राहक आयोगाला त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येतं. जुना ईसीएम मिळालाच तर उघडू नका. स्टिकरचा जवळून फोटो घ्या आणि तो डबा दोन साक्षीदारांसमोर सीलबंद करा. ओळखीच्या रिपेअरवाल्याने तो एकदा उघडला की प्रयोगशाळेचा अहवालही संशयात येतो.

नव्या ईसीएमचीही खात्री करा. बिलावरचा पार्ट नंबर आणि डब्यावरचा नंबर जुळतो का? स्कॅनर ईसीएममधला चासी नंबर वाचतो. तिथे दुसऱ्याच गाडीचा नंबर आला तर वापरलेला भाग नवा म्हणून बसवल्याचा संशय घ्यायला जागा आहे. प्रोग्रॅमिंगचे पैसे घेतलेत, तेव्हा त्याचा रेकॉर्डही मागा. आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत ईसीएम बदलल्यावर इंजेक्टरवर छापलेले कोड त्यात भरावे लागतात आणि किल्ल्या नव्याने जोडाव्या लागतात.

आता गाडी अडवण्याबद्दल. करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार मेहनत आणि कौशल्य लावून काम केलेल्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. पण पहिल्या कामाचे पैसे तुम्ही भरलेत आणि दुसरं काम झालेलंच नाही. मग गाडी कशासाठी धरून ठेवली? नुसती उभी ठेवल्याचं भाडं या हक्कात बसत नाही. जॉब कार्डमागच्या बारीक अक्षरांत पार्किंगची अट आहे का आणि त्याखाली तुमची सही आहे का, एवढं मात्र वाचा. तपासणी शुल्क आधी कबूल केलं असेल तर ते द्या. गाडी तातडीने हवी असेल आणि ते ऐकतच नसतील, तर बँकेमार्फत पैसे भरा आणि पावतीवर स्वतःच्या हाताने 'हरकत राखून भरले' असं लिहून सही करा. रोख देऊ नका.

गाडी बाहेर काढण्याआधी एक काम करा, आणि हे टाळू नका. त्या वायरची दुरुस्ती होऊ देऊ नका. सेंटरला चार दिवसांची लेखी सूचना देऊन संयुक्त पाहणी ठेवा, सोबत परवानाधारक मोटार सर्व्हेअर न्या. टेप काढल्यावर इन्सुलेशन कुठे कापलंय, तांबं हिरवं पडलंय का, वायर कोणत्या ब्रॅकेटला घासत होती, हे मोजपट्टी शेजारी धरून फोटोत घ्या. हिरवं पडलेलं तांबं एका दिवसात होत नाही. 'वायर मागाहून तुटली' हा बचाव तिथे कमजोर पडतो. सेंटरचं कोणी आलं नाही तर तसं पंचनाम्यात लिहा. त्या वायरमनचं प्रतिज्ञापत्रही घ्या. मिरज रोडवरचा व्हिडिओ असलेला मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नसतो, तरी व्हिडिओसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

त्यानंतर १५ दिवसांच्या मुदतीची नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. ती कायद्याने सक्तीची नाही, पण उत्तरात ते जे लिहितील त्याला पुढे बांधले जातील. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. पोलिसांत जाऊन फसवणुकीचा गुन्हा नोंदवण्याचा आग्रह मी धरणार नाही. त्यासाठी सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. इथे निष्काळजीपणा दिसतो, आणि तो तुम्हाला पुरेसा आहे.

नोटिशीने भागलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार करा. तुम्ही राहता तिथे दाखल करण्याचा हक्क कलम ३४ देतं, त्यामुळे बिलावर 'न्यायक्षेत्र पुणे' छापलेलं असलं तरी घाबरू नका. अधिकारक्षेत्र आणि शुल्क तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रार ऑनलाइनही भरता येते. कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज देऊन गाडी ताब्यात देण्याचा आणि ईसीएम जपून ठेवण्याचा आदेश मागा. प्रयोगशाळेची तपासणी हवी असेल तर ती कलम ३८(२) खाली आयोगामार्फतच करून घ्या; तिचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढवून १५, एकूण ४५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. निकालासाठी कायद्यात तीन महिने, तपासणी असेल तर पाच, असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा लांबतात, ती तयारी ठेवा.

गाडी बनवणाऱ्या कंपनीला पक्षकार करायचं का? गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डीलरच्या स्वतंत्र कृत्यासाठी, कंपनीचा सहभाग किंवा माहिती दाखवल्याशिवाय, तिला जबाबदार धरता येत नाही. तुमचा आक्षेप तपासणीच्या पद्धतीवर आहे. म्हणून नोटिशीची प्रत कंपनीला जरूर द्या, पण नवा ईसीएमच सदोष निघाला तरच तिला ओढा.

मागणी मोजकी ठेवा: ७४,३०० आणि त्यावर व्याज, हरकत राखून भरलेली रक्कम, पावत्या असलेला रिक्षा-टॅक्सीचा खर्च, मनस्तापापोटी पटेल असा आकडा आणि तक्रारीचा खर्च. पाच-दहा लाख मागणारे अर्ज स्वतःचंच वजन कमी करतात. नव्या ईसीएमचं काय करणार हेही अर्जातच लिहा. 'जुना चालू स्थितीत परत बसवून नवा घेऊन जा, नाहीतर पूर्ण रक्कम द्या' असा पर्याय ठेवलात, तर 'भाग वापरतोय आणि पैसेही मागतोय' हा टोमणा ऐकावा लागणार नाही.

कलम ६९ ची दोन वर्षांची मुदत गाडी दुसऱ्यांदा बंद पडल्यापासून मोजावी असं म्हणता येईल, पण तुम्ही ती ९ मार्चच्या बिलापासूनच धरा.