शनवार चुकला असता तर?

प्रिय नोआ,

शुक्रवारी जेवणाच्या पानावर तू जो प्रश्न विचारलास, त्याचं उत्तर मला पाहुण्यांसमोर धड देता आलं नाही. म्हणून लिहितेय. मराठीत लिहितेय, म्हणजे तुला वेळ लागेल. अडलीस तर आजीकडे जा. आणि हो, हिब्रूसारखी उजवीकडून वाचायला सुरुवात करू नकोस.

तुझी वर्गातली मैत्रीण म्हणाली, "तुम्हा हिंदी ज्यूंकडे धर्म शिकवायला रब्बी नव्हते, तोराची पोथी नव्हती. मग शब्बात कुठल्या दिवशी ते तुम्हाला कळायचं कसं?" आणि तू घरी येऊन त्यात भर घातलीस: "आई, एखादा माणूस एकदाच मोजायला चुकला असता, तर पुढे शेकडो वर्षं विश्रांतीचा दिवस म्हणून शनिवारऐवजी आपण रविवारच पाळत बसलो असतो का?"

लहानपणी मी हेच माझ्या पणजीला विचारलं होतं, अलिबागला, इस्रायल आळीतल्या तिच्या ओट्यावर बसून. ती नारळ खवत होती. खवणीवरून मान वर न करता म्हणाली, "चुकेल कसा? शेजारच्यांचा सोमवार कधी चुकला होता?"

तेव्हा मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं. आता वाटतं, तिने नेमकं सांगितलं.

बघ, इथे इस्रायलात, अश्दोदमध्ये तू आठवडा आकड्यांनी मोजतेस. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. नाव फक्त शब्बातला. मराठीत सातही वारांना नावं आहेत आणि प्रत्येक वार कुणाचा तरी आहे. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. कुणी सोमवार धरतं, कुणी गुरुवार. अमक्या गावचा बाजार अमक्या वारी. अशा गावात वार विसरायचं म्हटलं तरी विसरू देत नाहीत.

आपले बेने इस्रायल लोक अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर कधी लागले याबद्दल अभ्यासक भांडत असतात. आपण सांगतो ती गोष्ट तुला पाठ आहे: जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं ते 'शेमा इस्रायल' ही प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनवार. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला आणि कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, गावागावांत पसरले. तिथूनच पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावं आली.

शनिवारी घाणा बंद. बैलसुद्धा सुटा, कारण आज्ञेत बैलालाही विश्रांती सांगितलेली आहे. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आणि गंमत ही, की कोकणात 'सोमवार तेली'सुद्धा होते. ते हिंदू तेली, महादेवासाठी सोमवारी घाणा बंद ठेवणारे. म्हणजे गावाच्या लेखी आपलं वागणं फार विचित्र नव्हतंच. त्यांचा सोमवार, यांचा शनवार, झालं! कुठला देव आणि कुठली आज्ञा, ते कुणी खोदून विचारलं नाही. शनिवारी तेल विकत आणू नये असं मानणारी घरं महाराष्ट्रात आजही आहेत. त्यामुळे गिऱ्हाइकांचीही फारशी अडचण झाली नसावी. हा आपला माझा अंदाज, कुठे वाचलेला नाही.

तेली हे नाव मानाचं मात्र नव्हतं. जातीच्या उतरंडीत तेली खाली धरायचे, आणि पुढे शिकलेसवरलेले आपले लोक ते नाव ऐकून चिडायचे. आजी अजूनही तोंड वाकडं करते. मला वाटतं उलट. आपण कोण हे आपल्यालाच नीट सांगता येत नव्हतं, तेव्हा शेजाऱ्यांनी आपल्याला आपल्या वारावरून ओळखलं. तुझ्या मैत्रिणीला दाखवायला याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट माशांची. दावीद रहाबी नावाचे गृहस्थ कोकणात आले, त्यांना हे लोक ज्यू असावेत असा संशय आला. त्यांनी या लोकांच्या बायकांपुढे मिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. रहाबींना जे समजायचं ते समजलं. मग त्यांनी तिघांना शिकवून तयार केलं, त्यांना आपण काझी म्हणायचो. कोळंबी आणि तिसऱ्यांच्या मुलुखात राहून कोळंबीला हात लावायचा नाही, हे मला शब्बाथपेक्षा अवघड वाटायचं. शेजारी तळणीत पडली की वास आमच्याच खिडकीत.

पहिलं प्रार्थनामंदिर बऱ्याच उशिरा, 1796 मध्ये, मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. ते इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते. जुनी माणसं त्याला 'मशीद'च म्हणायची. पणजी "मशिदीत जाऊन येते" म्हणाली की नवखा माणूस बुचकळ्यात पडायचा. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं आपल्यात सांगतात.

आता माझ्या लहानपणचा शब्बाथ. तू 'शब्बात' म्हणतेस, आजी 'शब्बाथ'. आजीचं चुकत नाही, तिचा उच्चार अलिबागचा आहे.

ठाण्यात शुक्रवारी दुपारपासून घरात धांदल. काळ्या मनुका आदल्या रात्री भिजवलेल्या असायच्या. त्या कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या, तोच किद्दूशचा, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचा, शरबत, कारण द्राक्षाची वाईन आणायची कुठून? 'हल्ला' नावाच्या शब्बाथच्या पावाऐवजी दोन चपात्या, वर झाकलेला रुमाल. पेल्यात अर्धं पाणी, त्यावर खोबरेल आणि तरंगती वात. मटण नारळाच्या दुधातलं. सूर्य मावळायच्या आत आजी स्टोव्ह बंद करायची आणि मग घर एकदम गप्प व्हायचं. बाहेर मात्र रिक्षा, भाजीवाले, रेडिओ सगळं चालूच.

खरी पंचाईत शनिवारी सकाळच्या चहाची. थर्मासातला चहा आजोबांना चालायचा नाही. शेजारच्या वहिनींना "स्टोव्ह पेटवा" असं सांगायचं नाही, तो नियम. मग आजी दारात उभी राहून मोठ्याने म्हणायची, "आज हवेत गारठा आहे नाही!" मे महिन्यातसुद्धा. वहिनी हसत आत यायच्या, स्टोव्ह पेटवायच्या, आणि मग तेलाची वाटी घेऊन मारुतीला जायच्या. आम्ही टेंभी नाक्याकडे, शआर हाशमाईम या आपल्या प्रार्थनामंदिरात. ते 1879 चं मंदिर अजून भरलेलं असतं.

म्हणजे, मी नेहमी जायचे असं नाही. शनिवारी सकाळची शाळा, पांढरा गणवेश, कवायत. दप्तर पाठीवर घेऊन मंदिरावरून जाताना मी मान खाली घालायचे. बाबांची नोकरी केंद्र सरकारी, शनिवारी कचेरी. 1985 मध्ये त्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा ते पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "मोशेने दिलेला शब्बाथ राजीव गांधींनी परत मिळवून दिला!" त्यानंतर मात्र त्यांचा शनिवार चुकला नाही.

मंदिरात मला सगळ्यात आवडायची ती प्रार्थनेनंतरची हातबोशी. समोरच्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा, मग आपली बोटं ओठांना लावायची. प्रार्थना चालवणाऱ्या हझानपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांशी. आठवडाभर मंदिराच्या मुकादमाशी अबोला धरलेले लोकही त्या क्षणी हात पुढे करायचे. बाहेर पडल्यावर भांडण पुढे चालू.

गर्दी मात्र सगळीकडे राहिली नाही. 1948 नंतर माणसं इकडे येत गेली. कोकणातल्या काही मंदिरांत दहा पुरुष जमेनात, आणि दहा नसले तर सेफेर, म्हणजे तोराची गुंडाळी, वाचायला काढता येत नाही. पणजीच्या शेवटच्या वर्षांत अलिबागच्या मंदिराची देखभाल करणारा शमाश शनिवारी रस्त्यावर येऊन दहावा माणूस शोधायचा. सुट्टीला आलेला एखादा मुंबईकर दिसला की त्याला धरून आत न्यायचा.

आणि ज्या गावी सगळे आले, तिथेही तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न आधीच पोचलेला होता. 1960 नंतर इथल्या धर्मपीठाने आपल्या लोकांची लग्नं लावण्याआधी पूर्वज तपासा असा फतवा काढला. आजोबांचे थोरले भाऊ यरुशलेममध्ये धरणं धरून बसले होते. 1964 मध्ये सरकारला सांगावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यामुळे तिचा राग धरू नकोस. मोठमोठ्या दाढीवाल्यांनाही हा प्रश्न पडला होता, आणि तिने निदान तो तुझ्या तोंडावर विचारला.

इथे शुक्रवारी बस थांबतात, दुकानं बंद होतात, शब्बात आपोआप घरात येतो. तुला त्याचं काही वाटत नाही, आणि ते ठीकच आहे. मला अजूनही शनिवारी सकाळी उगाच चुकल्यासारखं होतं. चहाला गारठा लागत नाही, विजेची तबकडी आदल्या दिवसापासून तापत असते.

पुढच्या शुक्रवारी मैत्रिणीला जेवायला बोलाव. तिच्या आईला विचारून घे, तिखट चालतं का. पापलेट मी आणते. मनुका गुरुवारी रात्री तू भिजत घाल, मूठभर नको, चांगली दोन वाट्या. मागच्या वेळी शरबत पाणचट झाला होता आणि आजी अजून ते विसरलेली नाही.

तुझी आई
(तू हिब्रूत कितीही 'इमा' म्हणालीस तरी)