जखमी जवानांना आणि शहिदांच्या कुटुंबांना मदत करायची आहे, पैसे नेमके कुठे द्यावेत?

दरमहा पगारातून थोडे पैसे द्यायचेत, पण ते खऱ्या माणसापर्यंत पोचतील का, अशी तुमची शंका आहे. रास्त आहे. सर्वात आधी, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या खाते क्रमांकावर एक रुपयाही टाकू नका. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल 2025 मध्ये 'सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी' पैसे मागणारा मेसेज फिरला, तेव्हा तो दिशाभूल करणारा आहे असा खुलासा संरक्षण मंत्रालयाला करावा लागला. तोफा घ्यायला सरकार आपल्यापुढे झोळी पसरत नाही हो.

आता खरी ठिकाणं. पुलवामात गेलेले 40 जवान सीआरपीएफचे होते, लष्कराचे नव्हेत. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारखी दलं गृह खात्याकडे येतात, त्यांच्यासाठी 2017 पासून 'भारत के वीर' ही सरकारी साइट आहे. तिथे ठरावीक जवानाच्या वारसाच्या खात्यावर थेट पैसे देता येतात, एका कुटुंबासाठी मर्यादा 15 लाखांची. लष्कर, नौदल, हवाई दलातल्या लढाईतल्या जखमी-शहिदांसाठी 'माँ भारती के सपूत' ही संरक्षण खात्याची साइट आहे.

7 डिसेंबरचा ध्वजदिन निधी आपल्याकडे जरा बदनाम आहे, कारण सरकारी कचेऱ्यांना उद्दिष्ट देऊन तो गोळा होतो आणि साहेब पावतीपुस्तक पुढे सरकवतात. पण त्याचा उपयोग खरा आहे. पेन्शन नसलेले 65 वर्षांवरचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना त्यातून महिना 4000 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8000 झालेत. देणगीसाठी आणि अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठायचं.

मला विचाराल तर माझे पैसे मी पुण्यातल्या खडकीच्या पुनर्वसन केंद्राला देतो. हल्ला झाला की शहिदाच्या घरी पुढाऱ्यांची रीघ लागते, चेक दिले जातात, फोटो छापून येतात. पाठीच्या कण्याला मार बसलेल्या जवानाकडे तितकं कुणी फिरकत नाही, आणि त्याला पुढची तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 पासून अशांसाठी चालतं. मानेखाली हालचाल गेलेले काही जण तिथे तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, काही व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. हे दिसतं. न दिसणारा खर्च वेगळाच असतो. कमरेखाली संवेदना नसली की पाठीला जखम होतेय हे कळतच नाही, म्हणून रात्रीसुद्धा कुणीतरी कूस बदलून द्यावी लागते. हवेची गादी, कॅथेटर, माणसं, हे सगळं जन्मभर.

आणि इथले सगळे लढाईत जखमी झालेले नाहीत. कुणाची गाडी दरीत गेली, कुणी सुट्टीवर आलेला असताना मोटारसायकलवरून पडला. 'युद्धातला जखमी' असा शिक्का नसल्यामुळे वरच्या काही निधींचं दार त्यांना बंद असतं. कणा तसाच मोडलेला असतो.

पुण्यातच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, 1917 साली सुरू झालेली. अपंगत्व आलेल्या जवानांना नवा हुन्नर शिकवते. नोकरीला लागण्याजोग्या शिक्षणाला हातभार लावायचा असेल तर तिथे द्या.

पावती घ्या, देणगीवर आयकर सवलत मिळते का ते देण्याआधीच विचारा. प्रत्यक्ष जाणार असाल तर फोन करून जा आणि काय लागतंय ते त्यांनाच विचारा. सफरचंदाच्या पेट्या 15 ऑगस्टला भरपूर येतात.