फुलं नको, शेंगा मोज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

शिंदळ माकुडी या दुर्मिळ, मांसल खोडाच्या वनस्पतीवर काम करायचं ठरवलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू विचारलं आहेस की ती कुंडीत वाढवून पुन्हा गडाच्या कड्यांवर लावावी का. वाढते ती सहज. खोडाचा तुकडा खोचला तरी मूळ धरतो. मांसल वनस्पती जमवणाऱ्या हौशी लोकांकडे ती जगभर पोहोचली आहे. तरीही जगातल्या सर्वांत संकटात असलेल्या 12 वनस्पतींच्या यादीत तिचं नाव आलं होतं, ते का, याचा आधी विचार कर.

कुंड्यांत ती कितीही असली, तरी तिचं घर म्हणजे सह्याद्रीतले मोजके कडे: शिवनेरी आणि जुन्नरचा परिसर, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रांध्याचा धबधबा. तिथेही ती दिसते ती उभ्या कातळाच्या कपारीत, जिथे शेळीचं तोंड पोहोचत नाही आणि वणव्याची झळ कमी लागते. तुकड्यापासून केलेलं प्रत्येक रोप मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतं. एकाच झाडाचे शंभर तुकडे लावलेस, तर कड्यावर झाडं शंभर दिसतील, पण वंश एकच राहील. एखादा रोग आला तर सगळी एकदमच जातील. शिवाय एका गडावरचं रोप दुसऱ्या गडावर नेऊन लावलं, की त्या त्या ठिकाणी वेगळी वाढलेली रक्तं आपण न विचारता मिसळतो. म्हणून लागवड हे तुझं पहिलं काम नव्हे.

पहिलं काम म्हणजे बी धरतं का ते बघणं. पावसाळा ओसरताना तिला फुलं येतात: पाच पाकळ्यांची चांदणी, गडद लाल, त्यावर पिवळसर नक्षी, कडेला केस. सगळे त्याचेच फोटो काढतात आणि काढावेत असंच ते फूल आहे. पण ही रुईच्या कुळातली. हिचे पराग सुटे उधळत नाहीत, पुंजक्यांनी चिकटलेले असतात. फुलावर आलेल्या माशीचा पाय किंवा सोंड फटीत अडकली, तर सुटताना तो पुंजका ओढून नेते, आणि दुसऱ्या फुलात तो नेमका बसला तरच पुढचं जमतं. जमलं की जोडशेंगा धरतात. त्या उकलल्या की आतून रुईसारख्याच म्हाताऱ्या उडतात आणि एखादी नव्या कपारीत रुजते. तेव्हा फुलं किती हे लिहून ठेव, पण त्यांतल्या किती फुलांची शेंग झाली हा आकडा त्याहून मोलाचा आहे. फुलं भरपूर आणि शेंगा नाहीत, असं एखाद्या कड्यावर वर्षानुवर्षं दिसलं, तर तिथे माश्या येत नाहीत की झाडं फार विखुरली आहेत, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर कुंडीत मिळणार नाही.

यासाठी एकच कडा निवड, जवळचा. पावसाळ्यात जा, हिवाळ्यात जा, आणि उन्हाळ्यात तर जाच. तिच्या भाऊबंदांना पानं नावालाच असतात. हिला मात्र पावसात चांगली हिरवी, मांसल पानं फुटतात आणि कोरड्या दिवसांत गळून जातात. मागे उरतं नुसतं राखट, जाड खोड. नवख्याला ते वाळकं काटकूटच वाटतं, त्यामुळे साफसफाईत सहज उपटलं जाऊ शकतं. गडावर स्वच्छतेला येणाऱ्या मंडळींना एप्रिलमध्ये ते खोड दाखवणं, हे माझ्या मते संवर्धनाचं फार मोठं काम आहे. त्यांचं गडावर प्रेम असतं. दाखवलं की ती मंडळीच राखण करतात.

कड्यावर चढू नकोस. दुर्बीण वापर. तुझ्या जिवासाठी तर आहेच, पण कपारीतली चिमूटभर माती पायानं निसटली तर ती पुन्हा साठायला फार काळ लागतो. फोटो टाकताना गडाचं नाव दे, नेमकी जागा देऊ नकोस, फोटोतली जीपीएसची नोंदही काढून टाक. दुर्मिळ म्हटलं की उपटून नेणारे हात आपोआप पोहोचतात.

जुनी टिपणं शोधताना नावांत गोंधळू नकोस. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी 1860 च्या दशकात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. पुढे ती कॅरालुमा फ्रेरी आणि बॉसेरोसिया फ्रेरी झाली. तिन्ही नावांनी शोध.

गुराख्यांशी बोल. वणवा कुठून चढतो, कुठल्या महिन्यात लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ते सांगतील ते तारखेसह वहीत लिही.

वनखात्याच्या परवानगीचा अर्ज आत्ताच तयार कर. गड संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याकडेही लागेल. कोणता कडा निवडलास ते कळव आणि मसुदा पाठव, मी वाचून देतो.

तुझा,
सर