चेनचे २६ हजार की नव्या गाडीचा हप्ता?

प्रश्न: गुहागरला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. गाडी २०१३ ची, १.३ लिटर डिझेल, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. सकाळी सेल्फ मारला की चार-पाच सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड होते, मग थांबते. चिपळूणचे मेकॅनिक म्हणतात, टायमिंग चेन गेली, २६ हजार खर्च. दीर म्हणतात, जुन्यात पैसे घालू नका. १ लाख ४० हजारांना गिऱ्हाईक आहे. ते पैसे आणि एफडी मोडून २ लाख घालून, वर ६ लाखांचं कर्ज काढून नवी घ्यावी का?

ताई, आधी तेलाची कांडी बाहेर काढून बघा. टायमिंग चेन म्हणजे इंजिनातली साखळी; पिस्टनला जोडलेला दांडा (क्रँक) आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा (कॅम) यांना ती एका तालात फिरवते. ती ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, आणि दाब तयार होईपर्यंत सैल चेन तिला वाट दाखवणाऱ्या पट्टीवर (गाइड) आपटते. तुमची खडखड तीच असावी. पण ऑइल खुणेखाली असेल किंवा बदलायची वेळ कधीच उलटून गेली असेल, तरीही असाच आवाज येतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घाला आणि चार सकाळी कान देऊन ऐका. जाड ऑइल घाला, आवाज बसेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. थंडीत जाड ऑइल वर चढायला आणखी वेळ घेतं.

त्यानंतरही आवाज राहिला, किंवा गरम इंजिनातही यायला लागला, तर मात्र चेन बदला. मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या. पी००१६ कोड आला तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकतोय, हे बहुधा चेन लांबल्याचं लक्षण. २६ हजारांत काय काय येतं ते लिहून मागा: चेन, टेन्शनर, गाइड, दातेरी चाकं, ऑइल. नुसता टेन्शनर बदलून पैसे वाचवू नका. मजुरीचा मोठा भाग कव्हर आणि चेंबर (खालची ऑइलची टाकी) उघडण्यातच जातो, तो दोनदा कशाला द्यायचा? आणि चेन दात सोडून गेली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग २६ हजारांवर भागत नाही. विमाही कामाला येत नाही, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत धरत नाहीत.

आता दिरांचं म्हणणं. ६ लाख, ९ टक्के, ५ वर्षं म्हणजे हप्ता साधारण १२,४५५ रुपये आणि एकूण व्याज १ लाख ४७ हजारांच्या आसपास. जुन्या गाडीची नोंदणी २०२८ पर्यंत. ती आणखी दोनच वर्षं चालली, तर चेनचा खर्च महिन्याला १,०८३ पडतो. त्यात गाडीची किंमत आणखी ६० हजारांनी उतरेल असं धरलं तर २,५०० आणि इतर दुरुस्त्यांचे १,२५० मिळवा. म्हणजे ४,८०० च्या वर थोडं. नव्या गाडीची किंमतही उतरतेच, वर तिचा विमा जास्त.

पण मला जास्त काळजी जुलैची वाटते. तुमच्या खोल्या ऑक्टोबर ते मे भरतात. पावसात पाहुणा फिरकत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो. चार महिन्यांचे जवळपास ५० हजार वेगळे बाजूला असल्याशिवाय हे कर्ज घेऊ नका, आणि त्यासाठी एफडी मोडणं म्हणजे पावसाळ्याचा आधारच काढून घेणं.

एका गोष्टीवर मात्र माझा सल्ला फिरू शकतो: पत्रा. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीचं इंजिन टिकतं आणि खालचा पत्रा आधी जातो. माझ्याच जुन्या गाडीचं मॅट मी पाच वर्षांनी उचललं, तर खालून रस्ता दिसत होता. चेनला हात लावण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा. दाराखालच्या पट्टीला आणि जॅक लावायच्या जागेला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. टोक आत शिरलं तर २६ हजार घालू नका, असेल त्या भावात विका. गिऱ्हाइकाला आवाजाचंही सांगा. गावातला माणूस आहे, उद्या दारात येईल. पण पत्रा टणक असेल तर चेन बदला आणि दरमहा ५ हजारांची आवर्ती ठेव आजच सुरू करा. २४ महिन्यांत १ लाख २० हजार आणि व्याज जमेल. तेव्हा नव्या गाडीला कर्ज कमी लागेल.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. चिपळूण स्टेशनवरून पाहुणे आणायचे पैसे घेत असाल, तर पांढऱ्या पाटीच्या गाडीला ते चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. टॅक्सीवाला ठरवून द्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही पुढच्या आठवड्यात कराडला लग्नाला गाडीनेच जायचं लिहिलंय. या आवाजासह कुंभार्ली घाट चढू नका. चिपळूणहून एसटी आहे.